जिप्सीला दोन इंचांचं लिफ्ट किट: पाटे बदलण्याची पूर्ण रीत, गोव्याच्या हवेसकट

लिफ्ट किट, म्हणजे गाडी उंच करणाऱ्या भागांचा संच, लावलं की गाडी कुठेही अडणार नाही, अशा समजुतीने बरेच जण ते विकत घेतात. मग पहिल्याच पावसात सत्तरीच्या एखाद्या कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) वाटेवर तोच डिफरन्शियल (अ‍ॅक्सलच्या मधला गिअरचा गोळा) त्याच दगडावर आपटतो. जिप्सीचे पुढचे-मागचे दोन्ही अ‍ॅक्सल सॉलिड आहेत. पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग) उंच केले की वर जाते ती चॅसी आणि बॉडी. अ‍ॅक्सल होता तिथेच राहतो, कारण त्याची उंची ठरते टायरवरून. मग लिफ्टने मिळतं काय? चढाला बंपर टेकत नाही, व्हाळातून (ओढ्यातून) वर येताना मागची बाजू घासत नाही, बांधावरून जाताना पोट टेकत नाही आणि थोडा मोठा टायर बसायला जागा होते. हे कमी नाही, पण ते नेमकं काय आहे हे आधी ठाऊक हवं.

हा लेख चारही कोपऱ्यांना पाटे असलेल्या मारुती जिप्सीसाठी आहे. नवशिक्याने स्वतः हात घालावा अशी ही सर्वांत सरळ गाडी. जिम्नीला कॉइल स्प्रिंग आहेत, २०२० नंतरच्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे. त्यांची गणितं वेगळी, त्याबद्दल पुढे थोडक्यात सांगितलं आहे.

कायद्याचं आधी

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. त्याच वर्षी बदललेल्या कलम १८२-अ नुसार नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून किट मागवण्यापूर्वी आरटीओत जाऊन विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर दावा नाकारला गेला तर किटाच्या कितीतरी पट पैसे जातात. शिवाय लिफ्ट केली म्हणून गोव्याच्या किनाऱ्यावर गाडी घालता येत नाही, तिथे बंदीच आहे. अभयारण्यातल्या वाटाही परवानगीशिवाय बंद आहेत.

दोनच इंच का

दोन इंच म्हणजे साधारण ५० मिमी. एवढ्यात प्रोपेलर शाफ्टचे (इंजिनची ताकद अ‍ॅक्सलला नेणाऱ्या दांड्याचे) कोन, स्टिअरिंगच्या दांड्या आणि ब्रेकचे पाइप आटोक्यात राहतात. तीन-चार इंचांवर गेलात की एकामागून एक सगळंच बदलावं लागतं आणि घाटात गाडी जास्त कलते. चोर्ला किंवा अनमोड घाटात रोज येणं-जाणं असेल तर दोन इंचांच्या वर जाऊच नका.

स्वस्तातल्या तीन युक्त्या गॅरेजात हमखास सुचवल्या जातात. पहिली, जुन्याच पाट्यांना ठोकून कमान देणं. पोलादाचा ताव बिघडतो आणि काही महिन्यांत पाटे पुन्हा बसतात, तेही दोन्ही बाजूंना सारखे बसत नाहीत. दुसरी, ट्रकचा एखादा जादा पाटा खाली घालणं. उंची मिळते, पण रिकामी गाडी बैलगाडीसारखी उडते आणि खडबडीत वाटेवर चाक जमीन सोडतं. तिसरी, लांब शॅकल (पाट्याचं एक टोक चॅसीला जोडणारी झुलती पट्टी). जिप्सीला पुढचं शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला आहे. ते लांब केलं की पाटा पुढे झुकतो, त्याच्याबरोबर अ‍ॅक्सलही पुढे फिरतो आणि कॅस्टर, म्हणजे चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, कमी होतो. मग वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपणहून परत येत नाही, सरळ रस्त्यावर गाडी भरकटते. पुढच्या अ‍ॅक्सलखाली लोखंडी ब्लॉक घालणं तर व्यर्थ आणि धोक्याचंही आहे: जिप्सीत पाटा अ‍ॅक्सलच्या खाली असतो, मध्ये ब्लॉक घातला की गाडी उठण्याऐवजी खाली बसते. जोरात ब्रेक मारल्यावर अ‍ॅक्सलला पीळ बसतो आणि ब्लॉक सरकू शकतो.

नवे, जास्त कमानीचे पूर्ण पाटे घ्या. घेताना विक्रेत्याला गाडीवरचं कायमचं वजन सांगा. विंच आणि लोखंडी बंपर नसताना जड वजनाचे पाटे घेतले तर गाडी दोनऐवजी तीन इंच उठते आणि अंग मोडेल इतकी कडक होते.

सामान

पाट्यांचे चार संच, पुढचे दोन आणि मागचे दोन. ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. चार लांब शॉकअप. आठ नवे यू-बोल्ट (अ‍ॅक्सल पाट्याला आवळून धरणारे) आणि त्यांचे सोळा नट. प्रत्येक कोपऱ्याला तीन ठिकाणी बुश (बोल्टाभोवती बसणारे रबरी तुकडे) लागतात: पाट्याच्या पक्क्या टोकाला, पाट्याच्या शॅकलकडच्या टोकाला आणि शॅकल चॅसीला जोडतं तिथे. म्हणजे एकूण बारा ठिकाणं. लांब ब्रेक होज (ब्रेक ऑइलच्या रबरी नळ्या): पुढच्या दोन चाकांना एकेक आणि मागच्या अ‍ॅक्सलला एक. बंप स्टॉपचे (अ‍ॅक्सल चॅसीवर आपटू न देणाऱ्या रबरी ठोकळ्यांचे) स्पेसर. ब्रेक ऑइल, टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच.

जुने यू-बोल्ट परत वापरू नका. एकदा ताणून कसलेले आटे दुसऱ्यांदा तेवढी पकड देत नाहीत आणि ते सुटले की अ‍ॅक्सल पाट्यावरून सरकतो.

हत्यारांत १२ ते २४ मिमी पाने आणि सॉकेट, लांब दांडा, टॉर्क पाना, तीन किलोचा हातोडा, पहार, जी-क्लॅम्प, वायर ब्रश, ग्राइंडर, चष्मा. दोन ट्रॉली जॅक आणि चार जॅक स्टँड. गाडीबरोबर आलेला जॅक पंक्चर काढायला आहे, त्याच्या भरवशावर खाली झोपायचं नाही.

एक गोष्ट गोव्यात मुद्दाम सांगावी लागते: गाडी चिऱ्यांवर टेकवू नका. अंगणात चिऱ्यांची चळत तयार असते म्हणून मोह होतो. पण जांभा सच्छिद्र असतो, भिंतीत पसरलेला भार तो सहज पेलतो, चॅसीच्या अरुंद कडेखाली मात्र तो काही कल्पना न देता फुटतो. काम सिमेंटच्या सपाट जमिनीवरच करा. लाल मातीचं अंगणच असेल तर प्रत्येक स्टँडखाली निदान १८ मिमी जाडीची प्लायवूडची रुंद फळी घाला.

आदल्या तीन दिवसांत

समुद्रावरची खारी हवा आणि खाणीची लाल माती यांनी इथल्या जिप्सीचे शॅकलचे बोल्ट आतल्या नळीला चिकटलेले असतात. तीन दिवस आधीपासून रोज एकदा सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारा. आधी वायर ब्रशने माती काढा, नाहीतर तेल मातीच पिते.

मग चॅसी तपासा. शॅकलचे हँगर, पाट्याच्या पक्क्या टोकाचे ब्रॅकेट आणि मागच्या चाकांवरचा चॅसीचा वळलेला भाग इथे हातोडीने ठोकून पाहा. आवाज खणखणीत आला तर ठीक. आवाज बद्द आला किंवा स्क्रूड्रायव्हर आत शिरला तर किट बाजूला ठेवा आणि आधी चॅसीचं काम करा. कुजलेल्या हँगरवर कडक नवे पाटे लावले की तो फाटतो.

सपाट जागी गाडी लावून प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. रात्री भिंतीपासून पाच मीटरवर गाडी उभी करून हेडलाइटच्या झोताची वरची कड खडूने आखा. गाडी कुठे उभी होती तेही आखा. ही मापं नंतर लागणार आहेत.

मागची बाजू आधी

मागचा अ‍ॅक्सल सोपा, म्हणून हात तिथे बसवा. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ओट लावा, गिअर टाका, पण गिअर किंवा हँडब्रेकवर भरवसा ठेवू नका. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. गाडी उचला आणि स्टँड चॅसीखाली, पाट्याच्या पुढच्या ब्रॅकेटच्या पुढे लावा. अ‍ॅक्सल मधोमध ट्रॉली जॅकवर घ्या. चाकं काढून चॅसीखाली आडवी सरकवा. स्टँड घसरलाच तर गाडी तुमच्यावर न येता त्यांच्यावर बसेल.

ब्रेक होजचं ब्रॅकेट आणि अ‍ॅक्सलवरची ब्रीदरची (आतली हवा ये-जा करण्याची) नळी आधी सोडवा. अ‍ॅक्सल होजवर लोंबकळता कामा नये, आतून फाटलेला होज बाहेरून धडधाकट दिसतो.

आता एका वेळी एकच बाजू. दोन्हीकडचे यू-बोल्ट एकदम काढले तर अ‍ॅक्सल गोल फिरतो, मागेपुढे सरकतो आणि त्याला परत जागेवर आणण्यात अर्धा दिवस जातो. शॉकअप काढा, यू-बोल्टचे नट सोडा, प्लेट काढा, जॅकने अ‍ॅक्सल किंचित वर घेऊन पाटा मोकळा करा. मग शॅकल आणि शेवटी पक्क्या टोकाचा बोल्ट. बोल्ट फिरतो पण बाहेर येत नाही, असं झालं तर तो बुशच्या नळीत गंजलाय. नट टोकावर राखून त्यावर ठोका, नुसत्या आट्यांवर नको. तरीही हलला नाही तर कापावा लागेल. पेट्रोलची टाकी मागेच आहे, त्यामुळे तिथे ग्राइंडर किंवा गॅस कटर लावू नका. हातकरवत वापरा. वेळ लागतो, लागू दे.

जुना आणि नवा पाटा जमिनीवर शेजारी ठेवून मध्यबोल्टापासून (पाट्याच्या पट्ट्या मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टापासून) दोन्ही टोकांचं अंतर मोजा. अंतर सारखं नसेल तर कोणतं टोक पुढे हे आत्ताच खडूने लिहा. उलटा बसलेला पाटा अ‍ॅक्सल मागेपुढे सरकवतो आणि चाक मडगार्डच्या मधोमध येत नाही.

नव्या बोल्टांना कॉपर ग्रीस लावून आधी पक्कं टोक, मग शॅकल बसवा. नट फक्त हाताने, वायसर टेकेपर्यंत. घट्ट करू नका.

आता मध्यबोल्ट. जिप्सीत पाटा अ‍ॅक्सलच्या खाली असतो, म्हणून मध्यबोल्टाचं गोल डोकं वर येतं आणि अ‍ॅक्सलच्या बैठकीच्या भोकात बसतं. जॅक हळूहळू खाली घ्या आणि टॉर्च मारून बाजूने बघा. डोकं भोकात उतरलं की पाटा आणि बैठक यांच्यात फट राहत नाही. कागदाची घडीही शिरता कामा नये. बैठकीत जुन्या गंजाचे पापुद्रे असतील तर डोकं बाहेरच अडतं, आणि यू-बोल्ट कसले तरी ते बसल्यासारखं वाटतं. पुढच्या खडबडीत फेरीत ते आत शिरतं, यू-बोल्ट सैल पडतात, अ‍ॅक्सल तिरका होतो. म्हणून बैठक वायर ब्रशने धातू दिसेपर्यंत घासा आणि मगच पाटा लावा.

चारही नट थोडे थोडे, आलटून पालटून तिरके कसा. तीन फेऱ्यांत मॅन्युअलमधल्या टॉर्कपर्यंत न्या. शेवटी चारही पायांवर नटाबाहेर सारखेच आटे दिसायला हवेत. एका पायावर चार आणि दुसऱ्यावर दहा दिसत असतील तर प्लेट तिरकी बसली आहे.

जुनाच होज परत लावला आणि अ‍ॅक्सल खाली लोंबला की तो तारेसारखा ताणतो. म्हणून लांब होज. दुसरी बाजू तशीच करा.

काही जिप्सींना मागच्या ब्रेकसाठी लोड सेन्सिंग व्हॉल्व असतो. चॅसी आणि अ‍ॅक्सल यांच्यातल्या अंतरावरून गाडीत वजन किती आहे हे त्याची दांडी ठरवते. लिफ्टनंतर ते अंतर वाढतं, गाडी कायम रिकामीच आहे असं व्हॉल्व धरून चालतो आणि मागचे ब्रेक कमी लागतात. जेवढी गाडी उठली तेवढंच दांडीचं ब्रॅकेट सरकवा. हे बहुतेक गॅरेजांत राहून जातं.

पुढची बाजू

रीत तीच, पण इथे स्टिअरिंग आहे. अँटी-रोल बार असेल तर त्याची लिंक आधी सोडा. शॅकल पुढे आणि पक्कं टोक मागे, हे विसरू नका.

किटात कॅस्टरचे वेज (पाचरी) आले म्हणून लावायचेच असं नाही. गाडी पुढेमागे सारखी उठली असेल आणि शॅकल मूळ लांबीचंच असेल तर कॅस्टर फारसा बदलत नाही. आधी अलाइनमेंटवाल्याकडे कॅस्टर मोजून घ्या. आकडा मॅन्युअलपेक्षा कमी आला आणि गाडी भरकटत असली तरच दोन अंशांचा वेज घाला. तो पोलादी हवा, अ‍ॅल्युमिनियमचा दाबाखाली तडकतो. पाटा आणि बैठक यांच्यामध्ये, जाड कड पुढच्या बाजूला. याची किंमतही आहे: कॅस्टर वाढला की डिफरन्शियलचं तोंड खाली जातं आणि पुढच्या शाफ्टचा कोन वाढतो. म्हणून गरजेपेक्षा जास्त नको.

वजन चाकांवर आल्यावरच बुश कसायचे

या अख्ख्या कामातली सर्वांत जास्त चुकणारी पायरी हीच. गाडी स्टँडवर असताना पाटे लोंबकळत असतात. त्याच स्थितीत शॅकलचे नट आवळले तर रबरी बुश त्या कोनात पकडला जातो. गाडी खाली आल्यावर प्रत्येक बुश पिळलेल्या अवस्थेत राहतो, स्प्रिंगसारखा उलटा जोर लावतो, उंची खोटी दाखवतो आणि काही महिन्यांत फाटतो. गाडी कडक झाल्याचा दोष मग पाट्यांवर जातो.

चाकं लावा, गाडी जमिनीवर घ्या, चाकांचे नट कसा. बंपरवर उभं राहून गाडी दहाबारा वेळा दाबा, दोन-चार मीटर पुढेमागे न्या. आता खाली सरकून पक्क्या टोकाचे आणि शॅकलचे नट टॉर्कला कसा. पॉलियुरेथेनचे बुश असतील तर ते ग्रीसमध्ये फिरतात, त्यांना एवढा त्रास होत नाही, तरी रीत हीच ठेवा.

शॅकलकडे बघा. त्याचं खालचं टोक पक्क्या टोकापासून लांब झुकलेलं हवं: मागच्या पाट्याला मागे, पुढच्याला पुढे. नव्या पाट्यांची कमान जास्त असल्याने ते जुन्यापेक्षा उभं दिसेल, ते चालतं. पण पार सरळ उभं किंवा उलट बाजूला झुकलेलं असेल तर दगडावर चढताना पाट्याला लांबायला जागा मिळत नाही आणि धक्का थेट चॅसीला बसतो.

ब्रेकची हवा काढा. पेडलपासून सर्वांत लांब असलेल्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात. पेडल स्पंजासारखं लागत असेल तोवर गाडी अंगणाबाहेर न्यायची नाही.

स्टिअरिंग व्हील आता बहुधा तिरकं दिसेल. स्टिअरिंग व्हीलच काढून सरळ बसवू नका. स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणाऱ्या ड्रॅग लिंकची लांबी तिच्या आट्यांवर जुळवून व्हील मध्यावर आणा आणि लॉकनट कसा. तसं केलं नाही तर एका बाजूचं वळण कमी मिळतं.

शॉकअपची तपासणी

एक चाक जॅकने वर आणि त्याच अ‍ॅक्सलचं दुसरं खाली लोंबू देऊन दोन्ही टोकं पाहा. वरच्या चाकाला बंप स्टॉप आधी टेकला पाहिजे, शॉकअप त्यानंतर. उलट झालं तर शॉकअपची आतली सील फुटते, मग स्पेसर वाढवा. खालच्या चाकाला होज सैल राहिला पाहिजे, शाफ्टचा स्प्लाइन (आतबाहेर सरकणारा दातेरी जोड) आत पुरेसा अडकलेला असला पाहिजे. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर पाट्याला, होजला किंवा बॉडीला घासतो का तेही आताच बघा.

गाडीखाली असतानाच ब्रीदरच्या नळ्या लांब करून इंजिनच्या खोलीत वर चढवा. तापलेला डिफरन्शियल व्हाळात बुडला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी ओढलं जातं. ऑइल दुधासारखं पांढरं झालं की बेअरिंग गेलंच समजा. लिफ्टमुळे हा धोका तसूभरही कमी होत नाही, कारण डिफरन्शियल आहे तिथेच आहे.

टायर

मूळ २०५/७० आर१५ चा व्यास ६६८ मिमी. २१५/७५ आर१५ चा साधारण ७०३ मिमी. म्हणजे डिफरन्शियलखाली खरी वाढ फक्त १८ मिमी. स्पीडोमीटर पाच टक्के कमी दाखवेल: काटा ६० वर असताना गाडी ६३ ने धावत असते. याहून मोठा टायर लावला तर १.३ लिटरचं इंजिन घाटात दम सोडतं आणि कायम खालचा गिअर वापरावा लागतो.

काय बिघडतं, का

पन्नास-साठच्या वेगाला खालून घुमणारी थरथर आली तर शाफ्टचे कोन वाढलेत किंवा क्रॉस (शाफ्टच्या टोकांचे सांधे) सुकलेत. आधी ग्रीस भरा, मग कोन मोजा. गाडी एका बाजूला कलली असेल तर बुश सैल करून, वजन देऊन पुन्हा कसा. तरी तशीच राहिली तर डावा-उजवा पाटा अदलाबदल करा. ब्रेकला गाडी एका बाजूला ओढत असेल तर होज पिळला गेलाय का पाहा. पुढचा भाग मागच्यापेक्षा जास्त उठला असेल तर हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. गावातल्या अरुंद रस्त्यांवर हे फार वाईट. पाच मीटरवरच्या खडूच्या रेषेपाशी पुन्हा गाडी लावा. झोताची कड गाडी जेवढी उठली तेवढीच वर असावी, त्याहून वर असेल तर खाली आणा.

जिम्नीला पुढे आणि मागे पॅनहार्ड रॉड (अ‍ॅक्सल आडवा सरकू न देणारी दांडी) आहे, लिफ्ट केली की अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो. पुढच्या आर्ममुळे कॅस्टर नक्कीच घटतो, त्यासाठी वेगळे बुश लागतात. स्टिअरिंग मध्यावर नसेल तर ईएसपीचा (गाडी घसरू न देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचा) दिवा लागतो. २०२० नंतरच्या थारच्या पुढच्या शॉकअपवरची स्प्रिंग दाबलेली असते. ती घरी उघडू नका, निसटली तर हाड मोडते. त्याआधीच्या सीआरडीई थारला पुढे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी) आहे. तो पिळून उंची मिळते, पण चाकाला खाली लोंबायला जागा उरत नाही.

पहिले ५०० किलोमीटर

पहिल्या दिवशी ताशी वीसच्या वेगाने रिकाम्या रस्त्यावर ब्रेक, वळण आणि स्टिअरिंगचं परत येणं तपासा. ५० ते १०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट, शॅकल, शॉकअप आणि चाकांचे नट पुन्हा टॉर्कला कसा. ५०० किलोमीटरला आणखी एकदा. नवे पाटे काही मिलिमीटर बसतात, बसले की यू-बोल्ट सैल पडणारच. म्हणूनच हे काम मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात उरका. मृग लागायच्या आत ५०० किलोमीटर कोरड्या रस्त्यावर होतात आणि सैल झालेला नट चिखलाखाली लपत नाही. पावसाळा संपला की ऑक्टोबरात चॅसीच्या आतली लाल माती पाण्याच्या जोराने धुऊन काढा. शॅकलचे हँगर आणि यू-बोल्टच्या प्लेटा उन्हात पूर्ण वाळल्या की आट्यांना पुन्हा कॉपर ग्रीस लावा.